हरवण्याची मुभा

जुन्या नाशकात पत्ता सांगण्याच्या दोन भाषा आहेत. पहिली खरेदीखतात असते. घर असो की शेत, कागदावर त्याची चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याची मिळकत, पश्चिमेस गल्ली, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस नाला. दुसरी भाषा दारात उभं राहून, हातवारे करत सांगितली जाते. मेन रोडवरून दहीपुलाकडे उतरायचं, सराफ बाजारातून भांडी बाजारात यायचं आणि पुढे उतार लागला की गंगा.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. पश्चिमेकडून आलेली ही नदी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. त्यामुळे ‘नदी कोणत्या दिशेला?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर बदलतं. उतार मात्र फसवत नाही. पावसाळ्यात पूर किती चढला हेही गाव आधी आकड्यांत विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय की छातीला, एवढं कळलं की पुरे.

यातली पहिली भाषा शतकानुशतकं पुरुषांच्या ताब्यात होती. तलाठी पुरुष, मोजणीदार पुरुष, वकील पुरुष, सह्या करणारे साक्षीदारही पुरुषच. दुसरी भाषा खरं तर सगळ्यांचीच, पण चिकटवली जाते बायकांना. ‘बायकांना नकाशा कळत नाही’ हा विनोद व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीपासून चालत आला आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपनंतरही टिकून आहे.

गंमत अशी की या विनोदाला संशोधनाचा थोडा आधार सापडतो. कॅरल लॉटन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना ते वाट कशी शोधतात हे विचारलं. पुरुषांनी दिशा, अंतर आणि आपण एकूण परिसरात कुठे आहोत याचा अंदाज, यांवर जास्त भर असल्याचं सांगितलं. स्त्रियांनी वळणं आणि वाटेतल्या खुणा यांवर. अनोळखी जागी वाट चुकण्याची धास्तीही स्त्रियांनी अधिक बोलून दाखवली. पुढच्या अनेक अभ्यासांत, सरासरी काढली तर, असाच काहीसा फरक दिसत राहिला.

म्हणजे फरक आहे. तो येतो कुठून, हा प्रश्न उरतो. मेंदूतून, की पायांतून? त्याचं उत्तर फक्त प्रयोगशाळेत मिळणार नाही. कोणाला कुठे जायला मिळालं, कोणाला कुठे अडवलं गेलं आणि कोणाला वाट चुकून परत येण्याची सवलत होती, हे इतिहासात शोधावं लागतं. त्यासाठी नाशिकइतकी सोयीची जागा दुसरी नसेल.

त्रिरश्मीवरची राजमाता

मुंबईकडे जाताना शहराबाहेर डाव्या हाताला जो डोंगर लागतो त्यात २४ लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. शिलालेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे. यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, प्राकृत भाषेतला एक मोठा लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षाचा. हे लेणं भिक्षुसंघाला दान देणारी व्यक्ती म्हणजे त्याची आजी, गौतमीपुत्र सातकर्णीची आई, गौतमी बलश्री.

आपल्या मुलाचं कर्तृत्व सांगताना हा लेख एक भूगोलच उभा करतो. ऋषिक, अश्मक, मुळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर, अवंती हे प्रदेश. मग पर्वत: विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र आणि आणखी कितीतरी. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असंही त्यात म्हटलं आहे. मजकूर कोणा दरबारी लेखकाने रचला असेल, स्तुतीच्या भरात सीमा थोड्या ताणल्याही असतील. तरी प्राचीन दख्खनचा राजकीय नकाशा मांडताना इतिहासकार ज्या लेखाकडे पुन्हा पुन्हा जातात, तो एका बाईच्या नावाने कोरलेला आहे.

त्याच लेण्यात आधीच्या काळातला एक छोटा लेख आहे, आणि आपल्या विषयासाठी तो जास्त बोलका आहे. गौतमीपुत्राच्या २४व्या वर्षी, राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावाने, गोवर्धनचा अमात्य श्यामक याला पाठवलेलं हे पत्र. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं तेव्हाचं प्रशासकीय ठाणं. पत्राचा आशय असा: त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना आम्ही पूर्वी काखडी गावातलं शेत दिलं होतं. पण ते शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसलेलं नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवर आमच्या मालकीची जी जमीन आहे, त्यातली १०० निवर्तनं भिक्षूंना द्यावीत. या आदेशाच्या लेखनाशी लोटा नावाच्या प्रतिहाररक्षीचं नाव जोडलेलं आहे. म्हणजे तिथेही एक स्त्री.

आजच्या भाषेत सांगायचं तर कागदावर नियोजन झालं होतं, प्रत्यक्षात ते फसलं होतं आणि कोणीतरी जागेवर काय चाललंय हे विचारून ते दुरुस्त केलं. प्रदेशांची यादी आणि एका शेताची अवस्था, वरून दिसणारा नकाशा आणि जमिनीवरची खबर, दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या नावाने इथे कोरल्या गेल्या. ती राजमाता होती हे विसरून चालणार नाही. तिला कोणी विचारत नव्हतं की कुठे निघालीस. पण म्हणूनच तिचं उदाहरण महत्त्वाचं. अधिकार हातात असला की भूगोल बाईला ‘कळायला’ लागतो.

अटन

राजघराण्याबाहेरच्या बायकांना ही मोकळीक कधी मिळाली? मराठी मुलखात तिचं एक ठळक उदाहरण तेराव्या शतकात, याच गोदावरीच्या खोऱ्यात सापडतं. चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथात स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. या पंथात अटन, म्हणजे सतत फिरत राहणं, हा साधनेचा भाग होता. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा मुलखात राहावं, ओळखीपाळखीचा आधार सोडावा, ही शिकवण. ती स्त्रियांनाही लागू होती. आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती महदाइसा याच पंथातली. गोदावरीच्या खोऱ्यात वावरणारी ही बाई विदर्भातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे पोहोचली आणि तिथे तिने धवळे रचले. वाट शेकडो किलोमीटरची, काळ रस्त्यांच्या पाट्या नसलेला.

याच पंथाने मराठीला एक अजब पुस्तक दिलं, ‘स्थानपोथी’. चक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागा कुठे आहेत याची ही नोंदवही. कोणतं देऊळ कोणत्या तोंडाचं, त्याच्या कोणत्या अंगाला काय, असं ते पुस्तक वाचकाला हाताला धरून नेतं. दिशाही सांगतं आणि खुणाही. आजचे मानसशास्त्रज्ञ ज्या दोन पद्धतींना वेगळं काढतात, त्या तिथे एकाच वाक्यात नांदतात. चांगला वाटसरू दोन्ही वापरतो. फक्त त्याला किंवा तिला वाटेवर असावं लागतं.

अटनाच्या नियमातली खरी क्रांती फिरण्यात नव्हती. वारीला, जत्रेला, माहेराला बायका पुढेही जातच राहिल्या, पण सोबतीने आणि ठरलेल्या वाटेने. अनोळखी जागी एकटं पडण्याची, म्हणजे हरवण्याची मुभा बाईला देणं, ही नवी गोष्ट होती. पंथ पुढे बंदिस्त होत गेला आणि सर्वसामान्य घरांत ही मुभा कधी पोहोचलीच नाही.

पंचवटीतली रेघ

समाजाच्या मनात वेगळीच गोष्ट रुजली होती. ती नदीच्या पलीकडे, पंचवटीत घडते. सीता गुंफेपाशी रांगेत उभ्या असलेल्या भाविकांना लक्ष्मणरेषा माहीत असते. वाल्मीकींच्या रामायणात मात्र ही रेघ नाही. ती नंतरच्या कथनांतून आली आणि मूळ कथेपेक्षा जास्त घट्ट बसली. रेघ ओलांडली की अनर्थ, एवढंच त्यातून शिकायचं. दुसरी बाई शूर्पणखा. ती रानात एकटी, मोकळी फिरत होती. तिचं नाक कापलं गेलं आणि त्या नासिकेवरून गावाचं नाव पडलं, अशी आख्यायिका आहे. नावाची दुसरीही व्युत्पत्ती सांगतात, नऊ टेकांवर वसलेलं गाव म्हणून नाशिक. पण लोकांना आवडते ती नाकाची.

कथा म्हणून दोन्ही बाजूला ठेवता येतील. पण मुलीला ‘कुठे निघालीस?’, ‘कोण आहे सोबत?’, ‘दिवेलागणीच्या आत ये’ असं सांगणाऱ्या घरांत या कथा नियमांचं काम करत होत्या. मुलगा अंधार पडल्यावर घरी आला तर त्याच्याकडे सांगायला गोष्ट असते. मुलगी आली तर तिच्याबद्दल गोष्ट सांगितली जाते.

एक मुलगा, एक मुलगी

हा फरक किती खोल जातो हे पाहायला एकाच घरातली दोन माणसं पुरेशी आहेत.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला. आई गेल्यावर कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडलं आणि नाशिक गाठलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते शिकले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी पोहोचवायला आलं नव्हतं. पुढे आयुष्यभर ते गाव आणि नोकऱ्या बदलत राहिले. न सांगता निघून जाण्याबद्दल तर ते प्रसिद्धच. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि मराठीतले मोठे कवी ठरले.

मनकर्णिका गोखले यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरचा. वडील सोवळ्याने पछाडलेले. बाहेरच्या जगाचा स्पर्श घरात येऊ नये म्हणून सगळं घर सतत धुतलं-पुसलं जाई. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास तिचं लग्न झालं, नाव बदललं, घर बदललं. ती लक्ष्मीबाई टिळक झाली. तिने पाहिलेली पुढची बहुतेक गावं नवऱ्याच्या नोकरीने किंवा लहरीने ठरवली. तो नाहीसा झाला की वाट पाहणं आणि निरोप आला की बिऱ्हाड बांधणं तिच्या वाट्याला. नागपूर, पंढरपूर, अहमदनगर आणि अखेर पुन्हा नाशिक. १९३६ साली तिथेच त्या गेल्या.

‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. मराठी गद्यातल्या सर्वोत्तम पुस्तकांत ते आजही मोजलं जातं. ते वाचताना लक्षात येतं की या बाईची जागांची आणि माणसांची स्मरणशक्ती अफाट होती. जिला शाळेचं तोंड पाहायला मिळालं नाही तिने कितीतरी घरं, वाटा, मुक्काम जसेच्या तसे उभे केले. डोक्यात काही कमी नव्हतं. कमी होती ती मुभा. एकाच वयात एकाने वाट स्वतः निवडली आणि दुसरीला उचलून दुसऱ्या घरात ठेवण्यात आलं.

लक्ष्मीबाई अपवाद नव्हत्या. आपल्याकडे लग्न म्हणजे बाईचा नकाशा एका दिवसात पुसून नवा मांडणं. मुलगा ज्या शिवारात खेळला त्याच शिवारात म्हातारा होतो. मुलीने बारा-पंधरा वर्षांत जमवलेलं ज्ञान, म्हणजे कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं, कोणत्या बांधावर साप निघतो, कोणाच्या घरात हाक मारली तर कोणी धावून येईल, ते सासरी निरुपयोगी ठरतं. २०११ च्या जनगणनेतही भारतातल्या स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच आहे. एवढ्या प्रचंड संख्येने माणसं नवा प्रदेश शून्यापासून शिकतात आणि त्याला कोणी कौशल्य म्हणत नाही.

माहेरची वाटसुद्धा तिची एकटीची नव्हती. न्यायला मुराळी यायचा, भाऊ किंवा दीर. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची वाट आणि घ्यायला येणारा भाऊ पुन्हा पुन्हा भेटतात. वाट डोळ्यांना पाठ होती, पण पुढे चालणारा दुसरा होता. गाडीवर मागे बसणाऱ्याला रस्ता का लक्षात राहत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. वळण घेण्याचा निर्णय ज्याला घ्यावा लागतो, त्याच्याच डोक्यात वळण पक्कं बसतं.

चार दरवाजे

आतापर्यंतच्या गोष्टीत एक रेघ राहून गेली, जातीची. सवर्ण घरातल्या मुलीला घराबाहेर पडण्याची बंदी होती. दलित बाई तर रोज बाहेरच होती, शेतात, सरपणाला, पाण्याला. तिच्यासाठी बंदी वाटेवर होती. हा पाणवठा नाही, ही आळी नाही, हे देऊळ नाही. तिच्या डोक्यातला नकाशा वळणांबरोबर बंद दारांनीही भरलेला होता.

२ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिकच्या रस्त्यांवरून निघालेल्या त्या दिवसाच्या मिरवणुकीत हजारो पुरुषांबरोबर सुमारे ५०० स्त्रिया होत्या. मंदिराचे दरवाजे बंद होते. पुढे चारही दरवाज्यांवर सत्याग्रही बसले, त्यांतही स्त्रिया होत्या. हा लढा १९३५ पर्यंत चालला. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या कहाण्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात नोंदवून ठेवल्या, म्हणून त्या आज वाचायला मिळतात.

काळारामाची वाट या बायकांना माहीत नव्हती असं नाही. पिढ्यान् पिढ्या त्यांनी ते देऊळ लांबून पाहिलं होतं. वाट माहीत असणं आणि त्या वाटेने जाता येणं यात केवढं अंतर असतं, ते त्या दिवशी नाशिकने पाहिलं. ८६ वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, त्र्यंबकेश्वरच्या गर्भगृहात स्त्रियांनी प्रवेश केला तेव्हाही बाहेर पोलीस बंदोबस्त लागलाच.

होडी, कोडं आणि दोन जमाती

आता पुन्हा विज्ञानाकडे. २०१६ मध्ये ‘सी हीरो क्वेस्ट’ नावाचा मोबाइल गेम आला. आधी नकाशा पाहायचा, मग तो लक्षात ठेवून होडी हाकत खुणेच्या तरंगत्या बोयांपर्यंत पोहोचायचं. जगभर लाखो लोकांनी तो खेळला आणि खेळता खेळता संशोधकांना माहिती मिळाली. २०१८ साली ५७ देशांतल्या साडेपाच लाखांहून अधिक खेळाडूंच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरीत पुरुष पुढे होते. पण किती पुढे, हे देशागणिक बदलत होतं. स्त्री-पुरुष समानतेच्या निर्देशांकात जे देश वर, तिथे ही दरी लहान. जे खाली, तिथे मोठी. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे खरं. पण फरक फक्त जन्मजात असता तर तो सरहद्द ओलांडली की असा लहान-मोठा होण्याचं कारण नव्हतं.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, २०११ सालचा. ईशान्य भारतात खासी आणि कार्बी या दोन जमाती शेजारी राहतात. खासी मातृवंशीय, घरदार मुलीकडे जातं. कार्बी पितृवंशीय. हॉफमन, ग्नीझी आणि लिस्ट या संशोधकांनी दोन्हींकडच्या सुमारे १,३०० माणसांना तुकडे जुळवण्याचं एक साधं कोडं सोडवायला दिलं. कार्बींमध्ये पुरुष स्पष्टपणे पुढे होते. खासींमध्ये दरी नाहीशी झाली होती. या परिणामाचा साधारण एक तृतीयांश भाग शिक्षणातल्या फरकाने समजावता येतो, असंही त्यांना आढळलं. कोडं सोडवणं म्हणजे वाट शोधणं नव्हे, पण आकार आणि जागा मनात फिरवून पाहण्याची क्षमता दोन्हींना लागते.

शरीराचा वाटा शून्य आहे, असं यातून सिद्ध होत नाही. संप्रेरकांविषयीचा वाद अजून चालू आहे. पण नाशिकचा इतिहास वाचून या आकड्यांकडे पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. नवा रस्ता शिकायचा तर चुकावं लागतं. चार वेळा भलत्या गल्लीत शिरल्याशिवाय गल्ल्या एकमेकींना कुठे मिळतात हे कळत नाही. आणि चुकण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. रात्री आठ वाजता अनोळखी गल्लीत शिरलेल्या मुलाचा वेळ जातो. मुलीच्या पोटात गोळा येतो. माहितीतल्या खुणा धरून, दिवे असलेल्या रस्त्याने, काल ज्या वाटेने आलो त्याच वाटेने जाणं, याला चाचणीत ‘कमी गुण’ मिळत असतील. तिच्या परिस्थितीत तो शहाणपणाचा निर्णय आहे.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाई रस्त्यावर दिसते ती कामाच्या निमित्ताने, हातात पिशवी किंवा कानाला फोन लावून. उगाच उभी राहिलेली बाई शहराला चालत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. उनाडक्या करण्याचा हक्क ही चैनीची मागणी वाटते. पण डोक्यातला नकाशा उनाडक्यांतच तयार होतो.

नकाशात नसलेली वाट

हा प्रश्न फक्त कौशल्याचा राहत नाही, कारण ज्यांच्या वाटा कधी विचारल्याच जात नाहीत त्यांच्या वाटेवर पूलही बांधले जात नाहीत.

जानेवारी २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याची छायाचित्रं राज्यभर पसरली. तास नदीच्या खोल घळीवर आडवी टाकलेली लाकडं, आणि डोक्यावर हंडे घेऊन त्यांवरून चालणाऱ्या आदिवासी बायका. ज्या तालुक्यात गोदावरी उगम पावते, जिथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, तिथली ही गोष्ट. बातम्यांनंतर तिथे लोखंडी पूल बसवला गेला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला.

त्या बायकांपैकी कोणाला नकाशा वाचता येतो का, हे विचारण्यात अर्थ नाही. ओलं लाकूड कुठे घसरतं, कोणत्या महिन्यात झरा आटतो, कुठे पाय दिला की माती सुटते, हे त्यांना तोंडपाठ आहे. पुलाची जागा आणि उंची ठरवताना एवढ्या माहितीचा उपयोग व्हायलाच हवा. पण नियोजनाच्या कागदावर ही माहिती येण्यासाठी तिथे ‘पूर्वेस, पश्चिमेस’च्या भाषेबरोबर ‘उतार लागला की’ची भाषाही बसवावी लागते.

हे जमतं. व्हिएन्ना शहराने नव्वदच्या दशकात लोकांना विचारलं की दिवसभरात तुम्ही कुठून कुठे जाता. पुष्कळ पुरुषांची उत्तरं घर ते ऑफिस आणि परत, एवढीच होती. बायकांची उत्तरं लांबत गेली: शाळा, दवाखाना, बाजार, आईचं घर, पुन्हा शाळा. त्यानंतर तिथे पदपथ रुंद करणं, दिवे वाढवणं, बाबागाडी नेता येईल असे उतार करणं, ही कामं नियोजनाचा भाग झाली.

नाशिकला हे शिकण्याची निकड जास्त आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीत, सरदार चौकाजवळच्या अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ जण मरण पावले. मृतांत बायकांची संख्या जास्त होती. २०१५ च्या सिंहस्थात शाही मार्ग बदलला गेला आणि तसा प्रसंग पुन्हा आला नाही. आता २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. येणाऱ्या लाखो भाविकांत अशा असंख्य बायका असतील ज्या गावाबाहेर क्वचित पडल्या आहेत, पाट्या वाचू शकत नाहीत आणि पुढच्या माणसाच्या पाठीमागे चालत राहतात. त्यांच्यासाठी सेक्टरच्या क्रमांकांचा उपयोग थोडा. मोठी चित्रं, रंग, लांबून दिसणारी खूण आणि विचारता येईल असं माणूस, यांचा उपयोग फार.

दरम्यान एक छोटा बदल चुपचाप घडतो आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट लागतं. त्याच्या खर्चावर, राजकारणावर वाद होत राहतील. पण सुरगाण्याची किंवा येवल्याची एखादी बाई अर्ध्या पैशांत एकटी नाशकात उतरते, एक स्टॉप चुकते, विचारत विचारत पुढे जाते आणि संध्याकाळी घरी परतते, तेव्हा तिच्या डोक्यात पहिल्यांदाच स्वतः आखलेली एक वाट असते. मुराळी नसलेली.

श्यामकाला आलेल्या त्या पत्रातला प्रश्न साधा होता: कागदावर जे दिलंय ते जागेवर आहे का? दोन हजार वर्षांनी नाशिकच्या कोणत्याही विकास आराखड्याला तोच प्रश्न थोडा बदलून विचारता येईल. या रस्त्यावर पंधरा वर्षांची मुलगी संध्याकाळी एकटी निघाली, तिचं एक वळण चुकलं आणि ती तासभर उशिरा घरी पोहोचली, तर तिला काय ऐकावं लागेल? ‘कुठे कुठे फिरून आलीस, सांग की,’ असं जेव्हा घर विचारेल, तेव्हा त्या विनोदाचं काय करायचं ते पाहता येईल.